बीपीच्या गोळीची ‘सवय’ लागते म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले पंधरा दिवस एक मेसेज आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, वाडीच्या, भजनी मंडळाच्या, माहेरच्या, आणि परवा शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर पण आला. वर लिहिलंय "बीपीची गोळी म्हणजे कंपन्यांचा सापळा" आणि खाली पाच मुद्दे. एकदा सुरू केली की सवय लागते, मरेपर्यंत सुटत नाही. शंभर अधिक वय एवढं बीपी नॉर्मलच असतं, १४० चा आकडा कंपन्यांनी काढलाय. गोळीने किडनी जाते. रोज सकाळी अर्धी वाटी कोकमाचं आगळ आणि संध्याकाळी एक शहाळं घ्या, बीपी मुळापासून जाईल. आणि शेवटी, बरं वाटतंय ना, मग गोळी आजच बंद करा.

मी कुडाळच्या बाजूला मेडिकल चालवते, फार्मसिस्ट आहे, अठरा वर्षं काउंटरला उभी आहे. असे मेसेज रोज येतात, सगळ्यांना उत्तर देत बसत नाही. पण गेल्या सोमवारी वाडीतल्याच एक काकी दुकानात आल्या, एक हात मानेवर, म्हणाल्या डोक्याच्या मागे ठणकतंय, एक पेनकिलर दे. पिशवीत बीपीच्या गोळीची स्ट्रिप होती, पंधरा दिवसांपूर्वी मीच दिलेली, चौदा गोळ्यांची, त्यातल्या चारच फोडलेल्या. पेनकिलर दिली नाही, खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसवलं आणि मशीन लावलं, १९२/१०८. पाच मिनिटांनी परत, १८८/१०६. मुलाला फोन करून रिक्षाने डॉक्टरकडे पाठवलं. जाताना म्हणतात, "माका काय होणा नाय, मगे गोळी कित्याक, असा वाटला. मेसेजात पण तसाच होता." म्हणून हे लिहायला बसले.

पहिला मुद्दा, सवय. सवय लागते म्हणजे काय, तर शरीराला ती वस्तू हवीहवीशी वाटते, डोस वाढवत न्यावा लागतो, नाही मिळाली तर जीव कासावीस होतो. तंबाखूचं तसं होतं, काही झोपेच्या गोळ्यांचं होतं. ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांचं तसं होत नाही. गोळी बंद केल्यावर बीपी वर जातं ते गोळीमुळे नाही, ते आधीच वर होतं म्हणून जातं, गोळी फक्त त्याला खाली धरून होती. आपण दरवर्षी मे महिन्यात कौलं शाकारतो, शाकारणी चुकवली तर जूनमध्ये घरात पागोळ्या लागतात, मग घराला शाकारणीची सवय लागली असं कोणी म्हणतं का? पाऊस दरवर्षी येतो, एवढीच गोष्ट आहे.

गोळी करते काय ते पण सांगते कारण हे कोणी सांगतच नाही. रक्ताच्या नळ्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात, ते आवळले की नळी अरुंद होते आणि आतला दाब वाढतो, बागेत शिंपण करताना पाइपचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जसं जोरात उडतं तसं. त्या स्नायूंना आवळायला कॅल्शियम आत जावं लागतं. ॲम्लोडिपिन ती कॅल्शियमची वाट अडवतं, स्नायू सैल पडतात, नळी रुंद होते. टेल्मिसार्टन वेगळ्या जागी काम करतं, शरीरात अँजिओटेन्सिन नावाचा एक पदार्थ तयार होतो जो नळ्यांना आवळायला सांगतो, त्याला चिकटायला जागाच मिळू देत नाही. दोन्हीचं काम गुपचूप चालतं. ॲम्लोडिपिनचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो, आणि ते रक्तात इतकं रेंगाळतं की दोन दिवस चुकलं तरी माणसाला काही कळत नाही. तिथेच फसगत होते. दोन दिवस नाही घेतली, काही झालं नाही, म्हणजे गरजच नव्हती असं वाटतं.

इथे एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या आणि क्लोनिडिन, ह्या एकदम बंद करायच्याच नाहीत. पहिल्या दोन अचानक थांबवल्या की हृदयाचे ठोके धडाधड वाढतात, ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांच्या छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन अचानक सोडलं तर बीपी आधीपेक्षाही वर उसळतं. ह्याला पण व्यसन म्हणत नाहीत, पण डोस हळूहळू उतरवावा लागतो आणि ते डॉक्टरच करणार. मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्या गोळ्या एका माळेत ओवल्यात आणि वाचणाऱ्याला आपली गोळी कुठली तेच माहीत नसतं.

आणि मरेपर्यंत सुटत नाही हे पण सरसकट खरं नाही. वजन उतरलं, मीठ कमी केलं, दारू सुटली, रोज चालणं सुरू झालं की काहींचा डोस खरंच कमी होतो, काहींची गोळी सुटते पण. माझ्याच गिऱ्हाइकांत आहेत असे दोघे. फक्त त्यांनी ते डॉक्टरकडे जाऊन, महिनोन्महिने बीपी मोजत मोजत केलं.

दुसरा मुद्दा शंभर अधिक वय. हा हिशोब पूर्वी खरंच सांगितला जायचा, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना तो ओळखीचा वाटतो आणि पटतो. पण तो का मागे पडला ते बघा. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, १९४४ च्या मार्चमध्ये त्यांचं बीपी १८६/१०८ होतं. बीपी धड उतरवेल असं औषध तेव्हा डॉक्टरांच्या हातात नव्हतंच. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, वय ६३, त्या दिवशी बीपी ३००/१९० मोजलं होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला मिळत नव्हतं ते औषध आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं.

पुढे औषधं आली आणि वयस्कर माणसांवर नीट अभ्यास झाले. १९९१ मध्ये शेप नावाचा अभ्यास आला, साठीच्या पुढची चार हजारांवर माणसं, फक्त वरचा आकडा वाढलेली, म्हणजे या मेसेजप्रमाणे बरीचशी नॉर्मलच. ज्यांना औषध दिलं त्यांच्यात पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले, आणि औषध होतं क्लोरथॅलिडोन, अतिशय जुनं आणि स्वस्त. २००८ मध्ये हायव्हेट आला, तो तर ऐंशीच्या पुढच्या लोकांवर, वरचा आकडा १६० आणि त्याहून जास्त असलेल्या. औषध घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूच २१ टक्क्यांनी कमी. ऐंशी वर्षांच्या आजीला १८० नॉर्मल म्हणणाऱ्याने हे वाचायला हवं होतं. हां, फार म्हाताऱ्या, अशक्त माणसांचं बीपी किती खाली आणायचं हे डॉक्टर जपून ठरवतात, उभं राहताना चक्कर येऊन पडले तर खुब्याचं हाड मोडतं. पण ते ठरवायला माणूस समोर लागतो.

तिसरा मुद्दा किडनी, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथे उलटंच आहे. किडनी म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जाळी, वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं त्या जाळीवर आदळत राहतं आणि ती झिजते. डायलिसिसला बसलेल्या माणसांना विचारा, कितीजणांना बीपी आणि शुगर होती ते. २००१ मध्ये लोसार्टनवर एक मोठा अभ्यास छापून आला, लोसार्टन म्हणजे टेल्मिसार्टनचंच भावंड. डायबेटिसमुळे किडनी बिघडू लागलेल्या लोकांमध्ये, ती पूर्ण निकामी व्हायचा धोका त्या गोळीने २८ टक्क्यांनी कमी झाला. ज्या गोळीने किडनी वाचते तिलाच किडनीखाऊ म्हणून फिरवतायत, याचं मला फार वाईट वाटतं.

मग ही समजूत आली कुठून, ते पण खरं खरं सांगते. टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वाढू शकतं, रिपोर्ट बघून घरचे घाबरतात. थोडी वाढ अपेक्षितच असते, म्हणूनच काही आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी सांगतात, ती चुकवू नका. जास्त वाढलं तर डॉक्टर गोळी बदलतात. ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, लोकांना वाटतं किडनी गेली, ती बहुतेकदा नळ्या सैल झाल्याची सूज असते. दाखवा, डोस कमी करता येतो, दुसरी गोळी जोडता येते. पोटुशी बाई असेल किंवा दिवस राहायचा विचार असेल तर टेल्मिसार्टन चालत नाही, हे आधीच सांगा.

आणि किडनीला खरा धोका कशाचा, तर जी गोळी काकी मागत होत्या तिचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसेक्लोफेनॅक. भातलावणी झाली की कंबर धरते, बागेत कलमांवर चढून उतरून गुडघे दुखतात, रोज एक पेनकिलर घेतात माणसं, तेही मनाने. ह्या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा असर कमी करतात, आणि टेल्मिसार्टन अधिक लघवी वाढवणारी गोळी अधिक पेनकिलर असे तीन एकत्र आले आणि वर जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की किडनी दोन-चार दिवसांत झोपू शकते. म्हणून जुलाब-उलट्या जोरात सुरू असतील तर डॉक्टरला फोन करून विचारा, ही गोळी दोन दिवस थांबवू का. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं, तेही ठरलेल्या मापातच.

चौथा मुद्दा वाचून तर मी कपाळाला हात लावला. आगळ! अहो आगळ कसं करतात ते आपल्याला कोणी शिकवायला हवं का? रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीत मीठ घालून जो रस सुटतो तोच आगळ, वर्षभर टिकतं ते त्या मिठावरच. बीपीच्या माणसाला रोज सकाळी अर्धी वाटी मिठाचा रस प्यायला सांगतायत. दिवसभराचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या ताटात आधीच सुकट, खारा बांगडा, पापड, लोणचं असतंच. सोलकढी सोडा असं मी म्हणत नाही, जेवताना वाटीभर प्या, आगळाऐवजी साधी सोलं भिजवून करा, मीठ बेताचं घाला. औषध म्हणून आगळ नको.

शहाळं चांगलंच. पण एका शहाळ्यात एका केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असतं. ज्यांची किडनी चांगली आहे त्यांना काही बिघडत नाही. पण किडनी अर्धवट चालतेय आणि टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (ही लघवी वाढवणारी एक गोळी) चालू आहे, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. बीपीवाल्यांसाठी म्हणून मिळतं ते लो सोडियम मीठ, त्यात पण पोटॅशियमच असतं. अशा माणसांनी दोन्ही विचारल्याशिवाय घेऊ नये.

झाडपाल्याचं म्हणाल तर त्याला मी कमी लेखत नाही. सर्पगंधा आपल्याच मातीतली, मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्यावरचा अभ्यास ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला आणि जगाचं लक्ष गेलं, पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. बरीच वर्षं वापरलं पण. नंतर मागे पडलं कारण माणसं सुस्त व्हायची, काहींचं मन खचायचं. झाडातून आलं म्हणून ते बिनधोक नव्हतं, आणि काम केलं ते पण मोजून दिलं तेव्हाच.

कंपन्यांच्या सापळ्याबद्दल एवढंच, की ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांची पेटंटं कधीच संपली, जनऔषधी केंद्रात ती अगदी कमी पैशात मिळतात. हायपरटेन्शन कंट्रोलचा जो सरकारी कार्यक्रम देशात सुरू झाला त्यातल्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये आपला सिंधुदुर्ग होता. आरोग्य केंद्रात जाऊन नाव घाला, फुकट मिळेल.

राहिला शेवटचा मुद्दा, बरं वाटतंय. बीपीला आवाज नाही. १८० असलेला माणूस बाजार करून येतो, पखवाज वाजवतो, त्याला काही होत नाही, आणि एक दिवस अर्धं अंग लुळं पडतं. म्हणून मोजायचं. चहा, तंबाखू अर्धा तास आधी नको, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि पट्टा फुगताना बोलायचं नाही. दोनदा मोजून वहीत लिहा. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या गोळीची वेळ झाली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकत्र घेऊ नका.

आणि गोळ्या स्ट्रिपमधून आधीच फोडून डबीत भरून ठेवू नका, निदान पावसात तरी नको. आपल्याकडे जुलैमध्ये मीठसुद्धा पाणी सोडतं. टेल्मिसार्टन ओल धरतं, ती खायच्या वेळीच फोडायची असते. एक आजोबा डबी घेऊन आले होते, आत सगळ्या गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटलेल्या, कुठली कुठली तेच कळेना.

गणपतीला मुंबईहून माणसं येतात, निम्म्यांच्या गोळ्या तिकडेच राहिलेल्या असतात, काउंटरवर येऊन सांगतात ती छोटी पांढरी द्या. माझ्या कपाटात छोट्या पांढऱ्या गोळ्या शंभर प्रकारच्या आहेत, बीपीची, थायरॉइडची, शुगरची, झोपेची. आज रात्रीच आईबाबांच्या प्रत्येक स्ट्रिपचा फोटो काढा, नाव आणि एमजी वाचता येईल असा, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा पण. दोन्ही फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असू देत.