पहिल्या नंबरवर काय टाकायचं, यावरून कट्ट्यावर झालेलं भांडण

रविवारी सकाळी नागपुरात अमरावती रोडवर तर्री पोहे खाऊन आम्ही तिघं नेहमीच्या कट्ट्यावर बसलो, तर बाल्याने मोबाईल काढला आणि भाचीच्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मची, म्हणजे पसंतीच्या कॉलेजांची, यादी दाखवली. एमएचटी-सीईटीत 91 पर्सेंटाइल आहेत पोरीला, केमिस्ट्री जीव की प्राण, आणि यादीत पहिल्या नंबरवर काय, तर घराजवळचं एक प्रायव्हेट कॉलेज, कम्प्युटर. एलआयटीचं, म्हणजे आपल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटचं, केमिकल पाचव्या नंबरवर!

मी म्हटलं, अबे हे कोणी भरलं? तर म्हणे मीच भरून दिलं, जे नक्की लागते ते वर टाकलं, रिस्क कायले घ्यायची.

हे ऐकून मी तापलोच, कारण माझ्या मोठ्या बहिणीच्या पोट्ट्याचं 2025 मध्ये अगदी हेच झालं होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने "सेफ" कॉलेज एक नंबरवर टाकलं, पहिल्याच राउंडला ते लागलं आणि ऑटो फ्रीझ झालं. पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला की सीट पक्की समजायची, आणि ती घेतली नाही तर पुढच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, राउंडमधून बाहेर, असा नियम होता. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी काही लागलं तरी तेच, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे पोट्ट्याला जिथे मनापासून जायचं होतं त्याचा नंबरच आला नाही. दोन दिवस जेवला नव्हता तो.

"पण वर मोठं कॉलेज टाकलं अन् नाही लागलं तर खालचं पण हातचं जाईन ना बे," पिंट्या म्हणाला. हाच तो गैरसमज, आणि घरोघरी आहे! अरे, सीट मेरिट नंबरने मिळते. तुझा नंबर आला की कम्प्युटर तुझी यादी वरून खाली पाहत येतो आणि जिथे जागा मिळते तिथे थांबतो. एलआयटी एकवर टाकल्याने चौथ्या नंबरच्या कॉलेजात तुझा चान्स एका तसूनेही कमी होत नाही. आणि मधलंच काही लागलं तर ती सीट घेऊन बेटरमेंटला, म्हणजे यादीतल्या वरच्या पर्यायासाठी, थांबता येते, वरचं नाही मिळालं तर हातातली राहते, मिळालं तर जुनी आपोआप सुटते. म्हणून आवडीच्या क्रमाने भरायचं, अंदाजाच्या नाही. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहायचा तो यादी किती लांब ठेवायची यासाठी.

बाल्याला पटत होतं, पण पिंट्या गाडी दुसऱ्याच रस्त्याने नेऊ लागला. म्हणे केमिकल करून काय करीन ते, नोकऱ्या सगळ्या गुजरातेत नाहीतर मुंबईकडे, कम्प्युटर घेतलं तर कुठूनही काम करता येते. हा मुद्दा खोटा नाही, मी तो उडवला नाही. पण चार वर्षं शिकायचं तिला आहे. आणि एलआयटी म्हणजे काही कालची संस्था नाही, डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात ठेवून दिलेल्या पैशातून 1942 मध्ये उभी राहिली, 2023 पासून तर स्वतंत्र विद्यापीठ आहे. फूड, ऑइल, पेट्रोकेमिकल, पॉलिमर असं शिकायला पुण्या-मुंबईकडची पोरं इथे येतात आणि आपण नागपूरचे लोक ते पाचव्या नंबरवर टाकून राहिलो.

मग पिंट्या म्हणाला, नाहीच लागलं तर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ. मी म्हटलं थांब, पोरगी ओबीसी आहे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे. 2024-25 पासून अशा मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेली की ते सगळं गेलं.

हे बाल्याला माहीतच नव्हतं. त्याने तिथूनच भाचीला फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, मी तुम्हाला तेच सांगत होती, तुम्ही ऐकलंच नाही. मला एलआयटीच पायजे," ती म्हणाली. आवाज भरून आला होता तिचा.

बाल्या हळूच म्हणाला, हो बेटा, आज रात्री आपण दोघं बसून परत भरू, तू सांग, मी फक्त टाइप करतो.

मी मधेच विचारलं, ओबीसीचं नॉन-क्रिमी लेयर सर्टिफिकेट निघालं का? येत्या 31 मार्चपर्यंतचं पाहिजे, जुनं चालत नाही. पलीकडून ती म्हणाली, काका, अर्ज केला आहे, फक्त पावती आहे. मी म्हटलं, पावतीवर फॉर्म भरता येते, पण सर्टिफिकेट वेळेत नाही दिलं तर सरळ ओपनमध्ये टाकतात.

बाल्याने फोन ठेवला आणि पिंट्याकडे पाहिलं. पिंट्याची तहसीलमध्ये ओळख आहे. "सोमवारी दहाला सिव्हिल लाइन्सला सेतू केंद्रात भेटू," तो म्हणाला, "पावती घेऊन ये, विसरू नको."