माझं इंग्रजी आणि मामाची कदेलां

माझं इंग्रजी 'सरप्राइझिंगली गुड' आहे, असं मला गेल्या शनिवारी लेखी कळलं.

एकोणतीस वर्षं मी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या शाळांत इंग्रजीच शिकवत होतो. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, रजेचा अर्ज, 'माय फेव्हरिट सीझन'. माझ्या हाताखालून गेलेली निम्मी पोरं आज इंग्रजीत भांडतात, आणि क्रियापदाचा काळ चुकत नाही त्यांचा. एवढ्या वर्षांत माझ्या इंग्रजीचं कुणाला आश्चर्य म्हणून वाटलं नव्हतं. ते वाटायला आयर्लंडहून तेवीस वर्षांची मुलगी यावी लागली.

झालं असं, की इथल्या एका खासगी शाळेनं इंग्रजीसाठी सहा परदेशी शिक्षक आणले. त्यांच्या ओरिएंटेशनला 'कुणीतरी लोकल' हवा होता. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. "सर, तुम्ही नाही म्हणायचं नाही." नाही म्हणालो नाही. गळ्यात अडकवायला बिल्ला मिळाला, त्यावर 'लोकल सपोर्ट'. घरी कमरेचा पट्टा आहे माझा, त्याच्या खोक्यावर 'लंबर सपोर्ट' लिहिलंय. काम साधारण तेच.

आधीचे चार दिवस कागदपत्रांत गेले. परदेशी पाहुणा राहायला आला की घरमालकानं चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरायचा. सहा महिन्यांवरचा व्हिसा असेल तर चौदा दिवसांत नोंदणी. त्या गठ्ठ्यात एक नियम सापडला. परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा हवा तर पगार ठरावीक रकमेच्या वर पाहिजे. भाषाशिक्षकांना त्यातून सूट. पण इंग्रजीच्या शिक्षकांना सूट नाही! म्हणजे जपानी शिकवणाऱ्याला काय हवं ते द्या, इंग्रजी शिकवणाऱ्याला मात्र घसघशीतच दिलं पाहिजे. इथल्या इंग्रजीच्या मास्तरांच्या पोटावर स्वस्तात पाय येऊ नये, हाच हेतू असणार. तेव्हा आता तो पाय महागात येतो. पहिल्या शाळेत मी दोन वर्षं जेवढ्यावर काढली तो आकडा सांगत नाही. सांगितला तर तुम्ही वर्गणी काढाल.

असो. शनिवारी हॉल. पत्र्याचं छप्पर, बाहेर जूनचा पाऊस. मी रात्री जागून सव्वीस स्लाइड केल्या होत्या. एक खास होती : मराठीतले पोर्तुगीज शब्द. पाव, बटाटा, काजू, चावी, घमेलं, लिलाव, पगार. 'पगार' पोर्तुगीज, हे सांगून मी हशा घेणार होतो. तिसऱ्या स्लाइडला वीज गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं.

पत्र्यावरच्या पावसात माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जाईना. तेवढ्यात त्या आयरिश मुलीनं विचारलं (तिचं इंग्रजी मला दुसऱ्या खेपेला कळलं, ग्लासगोच्या पोराचं जेवणापर्यंत कळलं नाही), की इथे 'थँक यू' कसं म्हणायचं?

"धन्यवाद," मी म्हणालो.

"धन्यवाद कित्याक, सर? देव बरें करूं म्हणपाक शिकयात!"

आवाज मागून आला. मंडपवाला मामा. चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या टेम्पोनं आणून, कार्यक्रम संपेपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवून शेवटच्या रांगेत बसला होता. पासष्टी ओलांडलेला, खाकी हाफपँट, खांद्यावर टॉवेल. आवाज असा, की पाऊस खाली बसला.

मुलीनं निरागसपणे विचारलं, मग ही दोन वेगवेगळी उत्तरं का?

एक मराठी, एक कोकणी. गोव्यात हा प्रश्न विचारायचा नसतो. माणसं लग्नाच्या पंगतीतून उठून गेलेली आहेत. मी घाईघाईनं सांगू लागलो, की 1987च्या कायद्यानं कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही सरकारी कामात वापर... पण मामा उठला होता. स्वागताच्या पुष्पगुच्छातून त्यानं एक शेवंती उपटली. दाराच्या तोरणातली आंब्याची दोन पानं तोडली. एका हातात फूल, दुसऱ्या हातात पानं, असा सहा गोऱ्यांसमोर उभा राहिला.

"सर, तुमी फकत इंग्लीश करात."

झालं. माझ्याच सत्रात मी दुभाषा.

16 जानेवारी 1967. ओपिनियन पोल. गोव्यानं महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. जायचं असेल तर फूल, राहायचं असेल तर दोन पानं. मामा तेव्हा सात-आठ वर्षांचा. "म्हजो बापूय फूल," शेवंती वर. "म्हजी आवय दोन पानां," पानं वर. मग दोन्ही हात एकमेकांवर आपटले. "तीन दीस घरांत रांदप ना!" बापानं फुलाचा प्रचार करत वाडा पालथा घातला, आईनं सोप्यावर बसून दोन पानांवर बायका गोळा केल्या, आणि मामा शेजाऱ्याकडे पेज प्यायला. निकालाचा आकडा त्याला तोंडपाठ. चौतीस हजार एकवीस मतांनी पानं जिंकली. "चौतीस हजार सोडात," मामा म्हणाला, "ते वयले एकवीस आमच्या आवयन हाडिल्ले." वरचे एकवीस आमच्या आईनं आणलेले.

मी भाषांतर केलं. सहाही जण हसले. माझ्या वाक्याला, पण बघत होते मामाकडे. ग्लासगोचा पोरगा तर खुर्ची ओढून पुढे आला आणि काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मामाला कळलं!

"तो विचारता, आपूण खंयच्या वटेन," मामा मला म्हणाला. फूल की पानं? मग त्यानं दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या, टॉवेलनं हात पुसले.

"आपूण कदेलां."

कदेल म्हणजे खुर्ची, तोही पोर्तुगीज शब्द, माझ्या स्लाइडवर नव्हता. मराठीचा मेळावा असला तर खुर्च्या मामाच्या, कोकणीचा असला तरी मामाच्याच. मोडल्या तर दोघांकडून भरपाई. टाळ्या पडल्या. वीज आली. माझी स्लाइड पडद्यावर उमटली : 'पगार'. कुणी बघितली नाही.

दुपारी भाजी-पाव खाऊन त्यांनी अभिप्रायाचे कागद भरले. ते गोळा करणं हेही लोकल सपोर्टचंच काम, म्हणून वाचले. 'सर्वांत उपयुक्त सत्र' : द चेअर मॅन. सहापैकी पाच. चेअरमनसाहेबांनी सकाळी अर्धा तास भाषण केलं होतं, त्यांना ते आपल्यालाच वाटलं. खुशीत होते. मी काही बोललो नाही. सहाव्या कागदावर माझा उल्लेख : 'दुभाष्या मदतनीस. इंग्रजी सरप्राइझिंगली गुड.' पाहुण्यांना शाळेच्या छत्र्या वाटल्या, सहा होत्या, सहा संपल्या. मला पाण्याची बाटली. बाहेर धो धो.

टेम्पोपाशी मामा खुर्च्या एकात एक घालत होता. मी न राहवून त्याला कागद दाखवला. कुणाला तरी दाखवायलाच हवा होता.

"सरप्राइझिंगली म्हळ्यार कितें?"

"अजाप. अजाप वाटावं इतकं."

मामानं ताडपत्री ओढता ओढता विचार केला. "मागीर बरें न्हय, सर? म्हाकाय अजाप दिसलें. इतलें रोखडें इंग्लीश करतले अशें चिंतूंकना." इतकं झटपट इंग्रजी कराल असं त्यालाही वाटलं नव्हतं. मग एकोणचाळीस मोजून झाल्यावर चाळिसावी माझ्या हातात दिली. "ही मात्शी धरात."

धरली. डोक्यावर. पाऊस तरी लागला नाही.