टॅबवरून बोंडअळी दाखवताना

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर आली आहे, फवारणीची घाई आहे, अशाच दिवशी गावातल्या माणसांना शाळेच्या खोलीत बोंडअळीच्या प्रशिक्षणाला बोलवायचं असेल, तर साहेब, लॅपटॉप मुळीच आणू नका. टॅब आणा. परवाच्या प्रशिक्षणात त्याचा प्रताप पाहिला. सव्वा तास माणसं सतरंजीवर आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. असा कार्यक्रम तुम्हालाही जमावा म्हणून या चार युक्त्या.

थोडा इतिहास पाठ ठेवा, वेळ काढायला बरा पडतो. पॉवरपॉइंट 1987 साली फोरथॉट नावाच्या कंपनीनं मॅकिन्टॉशसाठी काढलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी 1 कोटी 40 लाख डॉलरला विकत घेतली. पहिली आवृत्ती काळी-पांढरी. पानं पारदर्शक फिल्मवर उतरवायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायची. विंडोजवर ते 1990 ला आलं, आयपॅडवर 2014 ला. फिल्म सरकवणाऱ्या साहेबापासून आपण टॅब सरकवणाऱ्या साहेबापर्यंत आलो. फिल्म निदान दिसायची.

टॅबला सी-टाइप पिन दिसली की चित्र प्रोजेक्टरवर जाणारच, असं धरून चला. स्वस्त टॅबच्या पिनेतून चार्जिंग होतं, डेटा जातो, चित्र जात नाही. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच पिनेतून चित्र बाहेर पाठवायची सोय, टॅबच्या आतच असावा लागतो, अ‍ॅडॉप्टर बदलून तो येत नाही. म्हणून तीन अ‍ॅडॉप्टर आणा आणि आलटून-पालटून खुपसत राहा. लोकांना वाटतं, काम चालू आहे.

स्लाइड रुंद, 16:9 च्या करा, कारण शाळेचा प्रोजेक्टर चौकोनी, 4:3 चा आहे.

व्हिडिओ फायलीत घालू नका, नुसती लिंक ठेवा. रेंज पाण्याच्या टाकीपाशी येते, सगळ्यांना तिकडे घेऊन जाता येईल.

आणि मराठी मजकूर कृतिदेव फॉन्टमध्येच टाइप करा. खरी करामत इथेच आहे. कृतिदेव मराठी अक्षर साठवतच नाही. तो साठवतो इंग्रजी कळ आणि वर मराठीचं सोंग चढवतो. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे म्हणून तिथे 'गुलाबी बोंडअळी' दिसते. टॅबवर फॉन्ट नाही, सोंग उतरतं, आणि उरतो इंग्रजी अक्षरांचा नि स्वल्पविरामांचा भुसा. तो भुसा पाहून "जरा टेक्निकल प्रॉब्लेम आहे" म्हणायचं. कसला टेक्निकल? विंडोज 2000 मध्ये मंगल फॉन्ट आला, तेव्हापासून युनिकोड मराठी, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी, आयती मिळते आहे. युनिकोडमध्ये लिहिलेलं टॅबवरही नीट उमटतं. जुना मजकूर असेल तर फुकट कन्व्हर्टर आहेत; रूपांतर झाल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तेवढी डोळ्यांखालून घालायची. तेही जिवावर येत असेल तर ज्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे तिथेच फाइल, एक्स्पोर्ट, पीडीएफ. फॉन्ट आतच बांधला जातो, अक्षरांचा नाच तेवढा बंद होतो. होऊ द्या की! अक्षरं नाचवायला आला होता काय? पाच मिनिटांचं काम, आणि तेवढं न केल्यानं एवढ्या माणसांची सकाळ गेली. फवारणीचा पंप बांधावर ठेवून आली होती ती माणसं. मजूर सांगून ठेवलेले. उन्हं चढली की फवारणी होत नाही, हे तुमच्याच स्लाइडवर होतं, दिसलं असतं तर.

आता सरळच बोलतो. तुम्हाला सांगायचं होतं काय? पाळतीसाठी एकरी 2 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, लावा. सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 पतंग आले, किंवा 20 हिरवी बोंडं फोडून 2 किडकी निघाली, की फवारा. डोमकळी, म्हणजे अळी आत असल्यानं न उमललेलं फूल, दिसली की तोडून नष्ट करा. संपलं. एवढ्यासाठी ना टॅब लागतो, ना प्रोजेक्टर, ना ते तीन अ‍ॅडॉप्टर.

पडदा तुम्ही ज्याच्यावर टांगला होता ना साहेब, तो फळा होता. खडूही तिथेच होता.