चाळीस पैशांसाठी बर्डी ते सदर

बँकॉकला जायचं ठरलं तेव्हा मला वाटलं तिथे तर्री-पोहे मिळणार नाहीत हे बायकोला कसं सांगायचं हीच काय ती अडचण, पण खरा घाम फुटला डॉलर घेताना. साळ्याने बजावलं होतं, इथून थाई बाट घेऊ नका, भाव बेकार लावतात, डॉलर न्या, ते पण शंभराच्या नोटा, छोट्या नोटांना तिथे कमी भाव देतात. झालं!

मे महिना, नागपूरचे 45 डिग्री, तोंडाला दुपट्टा गुंडाळून आम्ही दोघं स्कूटीवर. बर्डीतल्या पहिल्या दुकानात बोर्डवर डॉलरचे दोन भाव लिहिलेले, त्यातला कमीवाला पाहून मी जाम खूश, म्हटलं हे तर गुगलपेक्षाही स्वस्त, हजार घेऊनच टाकू. काउंटरवरचा पोरगा म्हणे, "काका, तो भाव तुम्ही आम्हाला विकाल तेव्हाचा." बाहेर 'झिरो कमिशन' लिहिलं होतं ते मात्र खरं हो, कमिशन एक पैसा नाही, फक्त भावच गुगलपेक्षा सव्वा रुपया वर.

बायको पुढे सरकली. "शेवटचा भाव बोला भाऊ." भाजीवर फुकट सांभार (कोथिंबीर हो) मागते त्याच आवाजात! मला लाज वाटून राहिली होती, पण पोरगा वीस पैसे उतरला ना. "पाहिलं? म्हणजे अजून जागा आहे," म्हणत ती मला सदरला घेऊन गेली, तिथे आणखी वीस उतरले. मी ऐटीत पिशवीतून नोटांची बंडलं काढली तर म्हणे पन्नास हजाराच्या वर कॅश चालत नाही, खात्यातून द्या, आणि पासपोर्ट-पॅन आहे पण तिकीट कुठे आहे? तिकीट घरी, त्रिमूर्तीनगरात. पुन्हा उन्हात.

मग जीएसटी. लाखाच्या आत असेल तर रकमेच्या फक्त एक टक्क्यावर 18 टक्के, म्हणजे दीडशेच्या आसपास, पण बायकोचं एकच, "पैसे विकत घ्यायला पण टॅक्स? काहून बाप्पा?" त्यानंतर तिने दहाच्या दहा नोटा उजेडात धरून पाह्यल्या, डाग नको, घडी नको, पेनाची रेघ नको. वांगी पण इतकी निरखत नाही. घरी नेऊन नोटा पंचांगात दाबून ठेवल्या, घडी पडू नये म्हणून.

हिशोब केला: वाचले चारशे. पेट्रोल, पार्किंग आणि तीन वेळा उसाचा रस वजा जाता एकशे नव्वद. तरी बायको खूश, मीही खूश.

बँकॉकच्या हॉटेलात बिलाला कार्ड दिलं, तर मशीन विचारते, बाटमध्ये देता की रुपयात? परदेशात रुपया दिसला, जीव इतका हरखला की मी पटकन रुपया दाबला. रूमवर येऊन बायकोने मोबाईलवर हिशोब लावला, मशीनवाल्यांनी भाव आपल्याच मनाने लावून दीड हजार जास्त कापले होते.

"तिथे बाट दाबायचं होतं," ती शांतपणे म्हणाली. ती ओरडते तेव्हा मला इतकी भीती वाटत नाही.