काका, तुमचा हक्क आणि आमची रेवडी

आज पुन्हा तेच. मी पोळ्यांच्या कामाच्या घरी कणीक मळतेय, तिथले काका पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. "काय मावशी, आले का 'लाडकी बहीण'चे पंधराशे? मतं विकलीत ना तुम्ही बायकांनी, आता भोगा म्हणावं!" (काका ७५ चे, मी ४२ ची, तरी मावशी मीच.)

तिथे गप्प बसले. बोलले असते तर घर सुटलं असतं, आणि त्या एका घराचे महिन्याला २,००० येतात. म्हणून इथे ओकतेय.

माझा नवरा भोसरीत कंत्राटी आहे. सात महिने झाले की ब्रेक. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. २४० दिवस भरले तर माणूस कायमपणावर हक्क सांगेल, म्हणून त्याआधीच घरी बसवायचं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच मशीनवर नवा म्हणून परत घ्यायचं. नऊ वर्षं झाली, माझा नवरा दरवर्षी नवाच असतो! त्या महिन्यांत घर माझ्या पोळ्यांवर आणि वाण्याच्या वहीवर चालतं. वहीत २,००० च्या वर आकडा गेला की वाणी आधी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो. मग मी पोरीला पाठवते. लहान पोराला तो नाही म्हणत नाही. लाज वाटते, पण पाठवते.

काम चालू असतानाही पगाराचा भरवसा नाही. सात तारखेच्या आत पगार द्यायचा असा कायदा आहे म्हणे. आमचा कंत्राटदार कधी १० ला देतो, कधी १४ ला. गाडीचा हप्ता मात्र बरोब्बर १० ला. खात्यात ३०० रुपये कमी पडले आणि हप्ता बाउन्स झाला. दंड ५९०! पाचशे बँकेचे, वर नव्वद जीएसटी. पैसे नाहीत म्हणून दंड, आणि त्या दंडावर पुन्हा सरकारचा कर. हे कुठल्या डोक्यातून निघतं हो?

दाढ ठणकतेय दिवाळीपासून. भाचीच्या लग्नाला गेले नाही, बस सुटली म्हणून सांगितलं. आहेराला पैसे नव्हते. तेल पाच लिटरच्या डब्यात स्वस्त पडतं हे मलाही कळतं, पण डब्याचे पैसे एकदम कुठून आणू? म्हणून पिशवी. गरिबाला सगळं महागच पडतं.

अशा घरात ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये आले. कुणाच्या पाया न पडता, कुणाचे टोमणे न ऐकता, माझ्या नावावर. निवडणुकीपर्यंत पाच हप्ते, ७,५०० झाले. त्यातून गहाण पडलेली कानातली सोडवली. त्याला विकलं जाणं म्हणता?

मग २०२३ च्या मार्चमध्ये सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर होते, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडत, तेव्हा काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर पाठिंब्याचे अंगठे टाकले ते काय होतं? १२ लाखांपर्यंत आयकर नाही अशी घोषणा झाली तेव्हा त्यांच्या मुलाने पेढे आणले. एक मलाही दिला. ते मिळालं की दिलासा, आम्हाला मिळालं की रेवडी! काका, तुम्हीही पेन्शन बघूनच मत देता की. फक्त तुमची एक तारीख चुकत नाही, म्हणून तुम्हाला देशाचा विचार करायला वेळ मिळतो.

आणि सरकारचं कौतुक करतेय असं समजू नका. २,१०० करू म्हणाले होते. मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला आणि गेला, पंधराशेचे पंधराशेच. वर आधारवरून ओळख पटवायची ती ई-केवायसी काढली. माझा ओटीपी, मग नवऱ्याच्या आधारवरचा ओटीपी. नवरा रात्रपाळीला, फोन गेटवर जमा. चार दिवस सायबर कॅफेत घातले. ज्या मैत्रिणीला नवऱ्याने टाकलंय, तिने ओटीपी कुणाकडे मागायचा?

विधानसभेच्या प्रचाराला वस्तीत आलेल्या एकाला मी तेव्हा विचारलं होतं, "ब्रेकचं काय करणार?" तो म्हणाला, "ताई, पंधराशे येतायत ना?" दुसऱ्या बाजूचा आला, तो म्हणाला, "ताई, आम्ही ३,००० देऊ." पगार वेळेवर मिळेल, नोकरी टिकेल, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. आमच्या घरातली दोन मतं दोन बाजूंना गेली. कुणाचं कुठे, ते काकांना सांगणार नाही.

उद्या पुन्हा जायचंय. काकांच्या सहा पोळ्या, काकूंचे दोन फुलके, बिनतेलाचे. काकूंवरून आठवलं. मागच्या महिन्यात काका फिरायला गेले होते, तेव्हा काकूंनी हळूच विचारलं होतं, "माझं नाव नाही का गं बसणार त्यात?" ६५ च्या वर घेत नाहीत, म्हटलं. काही बोलल्या नाहीत, फुलके मोजत राहिल्या.