खुलासा : यूट्यूब मुकं झालं म्हणजे इंटरफेस जळाला, असं नाही

नाशिकच्या होम स्टुडिओवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘एफएल स्टुडिओ किंवा क्यूबेस चालू असताना यूट्यूबचा आवाज गेला, तर ऑडिओ इंटरफेस जळाला समजा, नवा घ्या.’ हे साफ चुकीचं आहे. (एफएल स्टुडिओ, क्यूबेस ही गाणी रेकॉर्ड करायची सॉफ्टवेअर; ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी.) सिडको-पंचवटीत पदरमोड करून अभंग, भजनं रेकॉर्ड करणारी पोरं आहेत. त्यांना हा भुर्दंड कशाला?

खरं कारण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आणि उपकरणाची गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली पद्धत विंडोजचा मिक्सर (सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र करणारा भाग) टाळून थेट उपकरणाशी बोलते, म्हणून गाताना हेडफोनमध्ये आवाज मागे पडत नाही. पण एएसआयओ फोर ऑलसारखा ड्रायव्हर बहुतेकदा उपकरण एकट्याच्या ताब्यात ठेवतो, बाकीचे अ‍ॅप गप्प. उलटही होतं. ब्राउझरने आधी जागा धरली, की एएसआयओ फोर ऑलच्या खिडकीत उपकरणापुढे लाल फुली दिसते आणि प्रोजेक्ट मुका होतो.

अशा वेळी ब्राउझर पूर्ण बंद करून सॉफ्टवेअर पुन्हा उघडा. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर तोच वापरा. नसेल तर एफएल स्टुडिओसोबत येणारा एफएल स्टुडिओ एएसआयओ निवडा, त्यात यूट्यूबही वाजतं. क्यूबेसमध्ये खिडकी मागे गेल्यावर ड्रायव्हर सोडण्याचा पर्याय आहे. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) प्रोजेक्टमध्ये ४४,१०० हर्ट्झ आणि विंडोजमध्ये ४८,००० असेल तर दोन्ही सारखे करा, हे हमखास राहून जातं.

दुसरी केबल लावून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही इंटरफेस ओळखला गेला नाही, तरच दुरुस्तीवाल्याकडे न्या.