'आहे' दिसलं की 'हॅव' लावायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कळव्यात क्लास घेता असं तुम्ही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं असं की मराठी वाक्यात 'आहे' दिसलं की त्याच्या इंग्रजी वाक्यात 'हॅव' किंवा 'हॅज' लावायचं, एवढं मुलांना पुरतं. बाकी गुंता मी उगाच वाढवलाय. शिवाय अमेरिकन माणसं तर 'हॅव' न लावता सरळ 'आय जस्ट एट' म्हणतात.

'लोकल सुटली आहे', 'द लोकल हॅज लेफ्ट'. इथे तुमचा नियम चोख चालतो. वाक्यात वेळ आली की मात्र फसतो. ऐरोली-महाप्याच्या ऑफिसात इंटरव्ह्यूला जाणारी मुलं म्हणतात, 'आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम इन २०१८'. मराठीत 'मी २०१८ साली बीकॉम केलं आहे' हे बरोबरच आहे, कारण आपल्या 'आहे'ला सरलेल्या काळाचं वावडं नाही. इंग्रजी 'हॅव'ला आहे. तेव्हा एक तर साल गाळा, नाहीतर 'हॅव' गाळून 'आय कम्प्लीटेड माय बीकॉम इन २०१८' म्हणा. 'काल', 'गेल्या वर्षी', 'दोन दिवसांपूर्वी' यांचंही तेच. 'कधी आला आहेस?' याचंसुद्धा 'व्हेन डिड यू कम?' होतं, 'व्हेन हॅव यू कम?' चुकीचं.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि मला ती जास्त खुपते. 'मी दहा वर्षांपासून ठाण्यात राहतो' यात 'आहे' नाहीच, तरी इंग्रजीत 'हॅव' लागतं: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स'. मुलं लिहितात, 'आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स'. आपलं 'पासून' सालालाही लागतं आणि मुदतीलाही. इंग्रजीत सुरुवात सांगायला 'सिन्स २०१५', मुदत सांगायला 'फॉर टेन इयर्स'. 'हॅव' टाळून 'आय लिव्ह्ड इन ठाणे फॉर टेन इयर्स' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की स्वारीने ठाणं सोडलं. आणि 'ओळखतो'सारख्या क्रियापदाला 'बीन' नको: 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स'.

वर्गात एवढं करून बघा: क्रियापदाला हात लावायच्या आधी मुलांना वेळेच्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा. सरलेली वेळ असेल तर साधा भूतकाळ. 'आजवर', 'अजून नाही' असेल तर 'हॅव'. 'पासून' असेल आणि गोष्ट आजही चालू असेल, तरीही 'हॅव'. 'आज सकाळी'ला घड्याळ बघावं लागतं; सकाळ सरली असेल तर भूतकाळच. क्रियापदाचं तिसरं रूप ('गो, वेंट, गॉन'मधलं 'गॉन') मग पाठ करून घ्या, 'हॅज वेंट' तिथेच निघून जातं.

अमेरिकन बोलण्याबद्दल तुमचं खरं आहे. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्यासोबत तिथे साधा भूतकाळ सर्रास चालतो. पण 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' तिथेही चुकीचंच धरतात.